टँकरचा हीटमॅप : प्रत्येक सेलमधे आकडा कसा लिहायचा? (आर वापरतेय)

सी_विंग | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी घोडबंदर रोडला राहते आणि सोसायटीच्या कमिटीत यंदा पाण्याचा हिशेब माझ्याकडे आलाय. आमच्या ए ते एच अशा आठ विंग, प्रत्येकीची खालची टाकी वेगळी, आणि कुठल्या दिवशी कुठल्या टाकीत किती टँकर सोडले ते वॉचमनच्या रजिस्टरात लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीचा एप्रिल ते यंदाचा मार्च असं पूर्ण वर्ष मी तीन रविवार बसून एक्सेलमधे उतरवलं. पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. तिथे ९६ आकड्यांचा कोरा तक्ता हातात दिला तर कुणी वाचणार नाही म्हणून हीटमॅप करायचं ठरवलं, उभ्या बाजूला विंग, आडव्या बाजूला महिने, टँकर जास्त तिथे रंग गडद.

आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) मला कामचलाऊ येतं. त्यातली साधी हीटमॅप कमांड चालवली, चित्र आलं, पण सेलमधे आकडे हवेत ते काही जमेना. चित्र काढून झाल्यावर वरून टेक्स्ट कमांडने आकडे लिहायला गेले तर ते सगळे भलतीकडेच जाऊन पडले, काही तर चित्राच्या बाहेर. शिवाय महिने उलटसुलट लागलेत, मार्चच्या शेजारी नोव्हेंबर आलाय, आणि सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे बी विंगला मे महिन्यात ६ टँकर आलेत आणि एच विंगला ४१, तरी दोन्ही सेल सारखेच गडद दिसतायत.

आकडे मला हवेतच, कारण सभेत वाटायच्या प्रती ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स असणार, रंग तिथे टिकणार नाही, आणि "आमच्या विंगला नक्की किती?" हे प्रत्येक जण विचारणार. कुणी सांगेल का काय चुकतंय?

कळवा_खाडी | रविवार, रात्री ११:३५

ताई, तुमचं काही चुकत नाहीये, ती कमांडच तुमच्या कामाची नाही. मी लॅबमधे रोज हीटमॅप काढते म्हणून सांगते. आरची ती मूळ हीटमॅप कमांड बनवलीय ती एकसारख्या ओळी शेजारी शेजारी आणण्यासाठी, त्यामुळे ती न विचारता तीन गोष्टी करते आणि तुम्हाला तिन्ही नडल्या.

एक तर ती ओळी आणि रकाने दोन्ही क्लस्टर करून त्यांची जागा बदलते, म्हणून मार्चशेजारी नोव्हेंबर. रोव्ही आणि कोल्व्ही (ओळींचा आणि रकान्यांचा क्रम ठरवणारी आर्ग्युमेंट) यांना एनए दिलं की हे थांबतं. दुसरं, तिचं स्केल न सांगता रो असतं, म्हणजे प्रत्येक ओळीची सरासरी शून्यावर आणून मग रंग दिला जातो. बी विंगचा ६ हा बी विंगपुरता सगळ्यात मोठा, एचचा ४१ हा एचपुरता सगळ्यात मोठा, मग दोघंही गडदच दिसणार. तिथे स्केल नन, म्हणजे 'काही नको', करायला लागतं. आणि तिसरं तुमच्या आकड्यांचं: ही कमांड पानाचे आतल्या आत भाग पाडते, क्लस्टरचं झाड एका भागात, चित्र दुसऱ्यात, आणि काम संपल्यावर आर चित्राच्या मापात उभं नसतंच. म्हणून वरून लिहिलेला आकडा कुठेही पडतो. तिला ॲड एक्स्प्रेशन म्हणून एक आर्ग्युमेंट आहे, त्यात टेक्स्ट कमांड दिली की ती चित्र काढल्या काढल्या त्याच मापात चालते आणि आकडे बरोबर बसतात. पण क्लस्टरिंग चालू असेल तर आकड्यांचा क्रम तुम्हालाच बदलून द्यावा लागतो, आणि तिथे चूक झाली तर चित्र छान दिसतं आणि आकडा दुसऱ्याच विंगचा असतो. ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही म्हणून मला तिची जास्त भीती वाटते.

माझं ऐकाल तर जीजीप्लॉटवर या, आरमधलंच चित्रं काढायचं पॅकेज आहे ते. डेटा लांब करून घ्या, म्हणजे एका ओळीत विंग, महिना, टँकर एवढंच, पिव्हट लाँगरने एका फटक्यात होतं. मग एक्सला महिना, वायला विंग, फिलला टँकर आणि लेबललाही टँकर. जिऑम_टाइल रंगाचे चौकोन काढतं, त्यावर जिऑम_टेक्स्ट आकडे लिहितं. दोघं एकाच टेबलाच्या एकाच ओळीतून आपापली किंमत उचलतात, त्यामुळे आकडा आणि रंग यांची फारकत होऊच शकत नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट | सोमवार, रात्री १:१०

पायथनवाल्यांसाठीही लिहून ठेवतो कारण शोधत शोधत बरेच जण इथे येतात. सीबॉर्न या पायथनच्या पॅकेजमधे हेच काम एका शब्दाचं आहे, हीटमॅप काढताना ॲनॉट ट्रू केलं की आकडे येतात, आणि खालचा रंग गडद की फिका ते बघून अक्षर पांढरं की काळं हेही तो स्वतःच ठरवतो.

पण दोन ठिकाणी ठेच लागते, दोन्ही मी खाल्ल्यात. आकडा कसा छापायचा ते एफएमटी ठरवतं आणि न सांगता ते असतं दोनच महत्त्वाच्या अंकांचं. ४१ असेल तर ४१ दिसतो, पण १३४ असेल तर १.३ई+०२ असं काहीतरी छापून येतं. बघणाऱ्याला वाटतं डेटाच बिघडला. पूर्णांक असतील तर एफएमटी डी द्यायचं. पण मधे एखादी नोंद गायब असेल तर पांडाज (पायथनचं टेबलं सांभाळणारं पॅकेज) तो सगळा रकाना दशांशात बदलून टाकतं आणि मग डी वर एरर येते, तेव्हा पॉइंट झिरो एफ द्यायचं, ते दोन्हीकडे चालतं.

दुसरी ठेच फार वाईट होती. आमच्याकडे दर तासाला किती तक्रारी आल्या त्याचा आठवड्याचा हीटमॅप रोज आपोआप मेलने जातो. सर्व्हरवर मॅटप्लॉटलिब (सीबॉर्न ज्याच्यावर उभं आहे ते पॅकेज) ३.८ वर गेलं आणि सीबॉर्न मात्र जुनंच, ०.१२ वालं, राहिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमधे फक्त वरच्या पहिल्या ओळीत आकडे, खालच्या सहा ओळी नुसत्या रंगाच्या. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. मॅटप्लॉटलिबने आतल्या आकड्यांचा आकार सपाट यादीवरून ओळी-रकान्यांचा केला होता आणि जुनं सीबॉर्न पहिल्या ओळीतच थांबत होतं. सीबॉर्न ०.१३ केलं की सुटतं. तीन दिवस तो अर्धवट रिपोर्ट साहेबांकडे जात होता आणि मला चौथ्या दिवशी कळलं, अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी डोळ्यांनी शेवटची ओळ तपासतो, मगच पाठवतो.

सी_विंग | सोमवार, रात्री ९:२०

कळवा ताई, जमलं!! आकडे आले, आणि ज्या त्या सेलमधे आले. ऑफिसमधून येताना माजिवड्याच्या ट्रॅफिकमधे बसून तुमची पोस्ट चारदा वाचली.

आता पुढचं सांगते. अक्षरं फार बारीक वाटली म्हणून साईज ११ केलं, तर एकेक आकडा शेजारच्या तीन सेलवर पसरला. वर्डमधे ११ केवढं असतं आणि इथे केवढं. दुसरं, महिने आता एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी असे लागतायत (मी इंग्रजीत टाकलेत). ए विंग सगळ्यात खाली आणि एच वर आली. आणि रंग तर उलटेच, जिथे टँकर कमी तिथे गडद निळा आणि जास्त तिथे फिका, त्यामुळे गडद निळ्यावर काळे आकडे वाचताच येत नाहीत.

कळवा_खाडी | सोमवार, रात्री १०:०५

जिऑम_टेक्स्टचं साईज पॉइंटमधे नसतं हो, मिलिमीटरमधे असतं! एक मिमी म्हणजे साधारण २.८५ पॉइंट. वर्डचं ११ हवं असेल तर ३.९ द्या, ते न सांगता असतंच तेवढं. नवीन जीजीप्लॉटमधे, ३.५ पासून, साईज युनिट पीटी असंही लिहिता येतं, मग ११ म्हणजे खरंच ११.

आणि स्क्रीनवर बघून साईज ठरवू नका. अक्षराचं माप ठरलेलं असतं पण सेलचं माप खिडकीबरोबर लहानमोठं होतं, म्हणून स्क्रीनवर बरोबर दिसतं आणि छापल्यावर बिघडतं. आधी जीजीसेव्हने ए४ आडवं, २९७ बाय २१० मिमी, असं सेव्ह करा आणि ती फाईल उघडून बघा. तुमचे १२ महिने आहेत, डावीकडची नावं आणि समास सोडून एका सेलला साधारण २० मिमी रुंदी मिळते, तीन अंकी आकडा त्यात ऐसपैस बसेल.

महिने अक्षरांच्या क्रमाने लागतात कारण आरला ते महिने आहेत हे माहीतच नाही. फॅक्टर (ठरावीक क्रम असलेला रकाना) करून एप्रिल ते मार्च हा क्रम तुम्हीच लेव्हल्समधे द्या. विंग खालून वर जातात कारण वाय अक्ष खालून सुरू होतो, वायच्या स्केलला लिमिट्स रिव्ह द्या.

नेरूळचे_काका | मंगळवार, सकाळी ७:१५

रंगाबद्दल मी थोडं लिहितो. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे.

जीजीप्लॉट न सांगता जो निळा देतं त्यात कमी म्हणजे गडद आणि जास्त म्हणजे फिका. काळ्या स्क्रीनवर ते उजळ दिसेल कदाचित, पण पांढऱ्या कागदावर माणूस गडद म्हणजे जास्त असंच वाचतो, आणि झेरॉक्समधे तर दुसरं काही उरतच नाही. व्हिरिडिस नावाची रंगमाला हल्ली सगळीकडे दिसते, मॅटप्लॉटलिबने २.० पासून तीच आपली मूळ रंगमाला केली, रंगांधळ्या माणसालाही ती नीट दिसते म्हणून ती चांगलीच आहे. पण तिच्यातही कमी म्हणजे गडद जांभळा आणि जास्त म्हणजे पिवळा. तिची झेरॉक्स काढा, मे महिना जवळजवळ पांढरा येईल. वापरायचीच असेल तर डिरेक्शन उणे एक करून उलटी वापरा.

आकडे वाचता यावेत यासाठी लोक दोन रंगांची अक्षरं करतात, एका किमतीच्या वर पांढरं आणि खाली काळं. इफएल्स या अट तपासणाऱ्या कमांडने रंगाचं नाव असलेला रकाना करायचा आणि स्केल कलर आयडेंटिटी लावायचं. हे चालतं. पण उणे एक ते अधिक एक असं सहसंबंधाचं कोष्टक असेल तर दोन्ही टोकं गडद असतात, तिथे चिन्ह सोडून नुसत्या आकाराने ठरवावं लागतं, नाहीतर उणे ०.९ चा आकडा गडद निळ्यावर काळा छापला जातो. मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

सी विंग ताई, तुमच्यासाठी याहून सोपी वाट आहे. रंग पांढऱ्यापासून मध्यम केशरीपर्यंतच न्या, त्यापुढे गडद करूच नका. मग सगळे आकडे काळे ठेवता येतात आणि झेरॉक्सवरही वाचता येतात. रंगाने डोळा कुठे न्यायचा ते सांगितलं की त्याचं काम झालं, किती ते आकडा सांगेल.

जाता जाता, ही कल्पना संगणकाची नव्हे. १८७३ मधे तूसाँ लुआ यांनी पॅरिसच्या २० विभागांची माहिती अशाच रंगवलेल्या चौकोनांच्या तक्त्यात मांडली होती. आम्हीही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने छटा भरून करायचो, आणि तेव्हासुद्धा सर म्हणायचे आकडा कोपऱ्यात लिहा, पेन्सिल पुसली जाते.

तुर्भे_कांदाबटाटा | मंगळवार, दुपारी २:४०

मी मार्केटमधे एका गाळ्यावर हिशेबाचं बघतो, रोजच्या भावाचा असाच तक्ता करतो, वार आडवे आणि माल उभा. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली गोलाईची. सरासरी भाव किलोमागे २२.५० आला आणि सेलमधे पूर्ण आकडा हवा म्हणून राउंड केलं तर आर २२ छापतं, आणि २३.५० ला मात्र २४. पायथनही तेच करतं. बरोबर अर्धा आला की ते सम संख्येकडे जातात. एक्सेल २३ आणि २४ देतं. शेठ एका हातात एक्सेल आणि एका हातात माझं चित्र घेऊन उभे, म्हणाले यातलं खोटं कुठलं. सांगता सांगता पुरेवाट झाली. आता मी एक दशांश दाखवतोच. आणि तोही राउंड करून नाही तर स्प्रिंटएफने (आकडा ठरलेल्या साच्यात लिहिणारी कमांड), कारण राउंड केलेला २२.० जीजीप्लॉट नुसता २२ लिहितं आणि शेजारी २२.५, मग रांगेत आकडे वेडेवाकडे दिसतात.

दुसरी गोष्ट ताई तुमच्या डेटाबद्दल. विंगमधे फ्लॅट सारखे आहेत का? नसतील तर मोठी विंग कायम गडद दिसणार आणि सभेत तिच्यावरच सगळे तुटून पडणार, त्यात तिची चूक असो नसो.

सी_विंग | मंगळवार, रात्री १०:३०

दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एचमधे ५६ फ्लॅट, बीमधे २८ आणि डी छोटी, तिच्यात २०च. आमचा टँकर दहा हजार लिटरचा. मे महिन्याचे ३१ दिवस धरून फ्लॅटमागे रोजचे टँकरचे लिटर काढले, बसल्या बसल्या कॅल्क्युलेटरवर. एचचे ४१ टँकर म्हणजे २३६ लिटर. बीचे ६ म्हणजे ६९. आणि डीचे १८ टँकर म्हणजे २९० लिटर!

मी दोनदा तपासलं. नुसत्या टँकरच्या चित्रात डी विंग कुठेतरी मधे फिकी दिसतेय, कुणाचं लक्षही जाणार नाही, आणि फ्लॅटमागे बघितलं तर तीच सगळ्यात वर. आता रंग लिटरप्रमाणे द्यायचा आणि सेलमधे आकडा टँकरचा लिहायचा असं करता येईल का? टँकरचा आकडा लोकांना रजिस्टरशी ताडून बघता येतो म्हणून तो सोडवत नाहीये.

तुर्भे_कांदाबटाटा | मंगळवार, रात्री ११:००

करता येतं की, फिलला लिटर आणि लेबलला टँकर द्या, जीजीप्लॉटला काहीच अडचण नाही.

नेरूळचे_काका | बुधवार, सकाळी ६:५०

करता येतं पण करू नये असं मला वाटतं. वाचणारा धरून चालतो की सेलमधला आकडा हा त्या रंगाचाच आकडा आहे. १८ गडद आणि ४१ फिका दिसला तर निम्मी सभा म्हणेल चित्र चुकलंय, आणि एकदा असं वाटलं की पुढचं कुणी ऐकत नाही. शीर्षकात लिहिलं तरी शीर्षक कोण वाचतो.

कळवा_खाडी | बुधवार, सकाळी ९:४५

काकांशी सहमत, आणि मला याचा अनुभव आहे, उलट्या बाजूने. आरच्या पीहीटमॅप पॅकेजमधे डिस्प्ले नंबर्स ट्रू केलं की आकडे येतात, सोपं आहे, मी डोळे मिटून वापरायचे. एकदा स्केल रो लावलं होतं आणि आकडेही चालू होते. तेव्हा सेलमधे जो छापला जातो तो मूळ आकडा नसतो, ओळीनुसार बदललेला असतो. डॉक्टरांनी १.८ वाचला आणि तो मोजलेला आकडा समजून पुढचं बोलायला लागले. मी तिथेच थांबवलं म्हणून बरं. मूळ आकडे हवे असतील तर डिस्प्ले नंबर्सला ट्रू न देता मूळ आकड्यांचं मॅट्रिक्सच द्यायचं, क्लस्टरिंगने ओळी हलल्या तरी ते त्यांच्याबरोबर हलतं.

पण मग काका म्हणतात तेच होतं, रंग एक सांगतो आणि आकडा दुसरं. लॅबमधल्या लोकांना त्याची सवय असते, सोसायटीत नाही. दोन चित्रं काढा ताई. वर टँकर, खाली लिटर, एकाच ए४ वर, उभा कागद घेतलात तर दोन्ही मावतील. मात्र सेल अरुंद होतील, अक्षराचं साईज ३ वर आणा.

कोपरखैरणे_थर्डइयर | बुधवार, दुपारी ४:०५

मी शिकतोय अजून म्हणून विचारतो. माझ्याकडे ५०० जीन आणि ४० सॅम्पल आहेत, त्यात आकडे टाकायचे असतील तर? मॅटप्लॉटलिबमधे लूप लावून प्रयत्न केला पण सगळं काळं होतं. आणि आधी एका छोट्या डेटावर केलं तेव्हा आकडे आडवे-उभे उलटे पडले होते.

ऐरोली_नाइटशिफ्ट | बुधवार, संध्याकाळी ७:३०

उलटे पडले कारण टेक्स्टला आधी एक्स लागतो, म्हणजे रकाना, आणि मग वाय, म्हणजे ओळ. आपण मॅट्रिक्समधे आधी ओळ मग रकाना लिहितो आणि त्याच सवयीने तिथेही आय, जे असं देतो. टेक्स्टला जे, आय द्यायचं आणि आकडा मात्र आय, जे चा. हॉरिझाँटल आणि व्हर्टिकल दोन्ही अलाइनमेंट सेंटर कर, नाहीतर आकडा सेलच्या मधोमध सुरू होऊन उजवीकडे जातो. चौरस डेटावर, म्हणजे ५ बाय ५ वर, ही चूक पटकन दिसत नाही कारण सगळे आकडे चित्रातच पडतात, म्हणून तपासायला मुद्दाम ३ बाय ५ चा डेटा घे.

कळवा_खाडी | बुधवार, रात्री ८:१०

आणि ५०० गुणिले ४० म्हणजे २०,००० सेल रे. आकडे लिहूच नकोस. तिथे रंगच बघायचा असतो. फार तर जिथे फरक खरा ठरलाय तिथेच एक तारा काढ. आरच्या कॉम्प्लेक्सहीटमॅप पॅकेजमधे सेल फन नावाचं आर्ग्युमेंट आहे, प्रत्येक सेलसाठी एकदा चालतं, त्यात अट घाल की अमुक असेल तरच लिही. सेल खूप असतील तर लेअर फन वापर, ते सगळ्या सेलचं काम एकदम करतं म्हणून वेग चांगला मिळतो. वाचणाऱ्याने विचारलेच तर आकडे वेगळ्या फाईलमधे दे.

सी_विंग | गुरुवार, रात्री ११:१५

दोन चित्रं केली, केशरी रंगात, आकडे काळे. इमारतीखालच्या दुकानात एक झेरॉक्स काढून बघितली, एच आणि डीच्या ओळी करड्या झाल्या पण आकडे स्पष्ट वाचता येतायत.

दोन अडचणी राहिल्या. जुलैचं रजिस्टर पावसात भिजलं होतं, एफ आणि जीची दोन पानं वाचताच येत नाहीत. एफचा सेल करडा आला आणि आकडा नाही, जीचा सेल चक्क पांढरा, भोक पडल्यासारखा. तिकडे बीला ऑगस्टमधे खरोखरच शून्य टँकर आलेत आणि तिचाही सेल पांढराच. तिघांत फरक कसा दाखवू? दुसरं, आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, त्यांनी सांगितलंय कागद मराठीत हवा. विंग आणि महिन्यांची नावं मराठीत टाकली तर "डिसेंबर"ची वेलांटी सुटून बाजूला पडली, आणि "सप्टेंबर"चा प अर्धा न होता पाय मोडून उभा राहिला.

कळवा_खाडी | गुरुवार, रात्री ११:५०

एफची ओळ टेबलात आहे पण किंमत एनए, म्हणजे रिकामी, आहे, म्हणून करडा, आणि आकडा वॉर्निंग देऊन वगळला गेला. जीची ओळ टेबलात नाहीच आहे बहुतेक, तुम्ही एक्सेलमधे टाकलीच नसणार, म्हणून तिथे टाइलच नाही. टायडीआरच्या कम्प्लीटने सगळ्या विंग गुणिले सगळे महिने पूर्ण करून घ्या, ९६ च्या ९६ ओळी आल्या पाहिजेत, मोजून बघा. मग लेबलचा वेगळा रकाना करा, किंमत असेल तर आकडा, नसेल तर "नोंद नाही". बीचा शून्य मात्र ० असाच छापा, तो खरा आकडा आहे. प्रत्येक टाइलला बारीक करडी किनार द्या म्हणजे पांढरा सेलही सेल दिसेल.

ऐरोली_नाइटशिफ्ट | शुक्रवार, रात्री १२:४०

मराठीचं मी सांगतो. वेलांटी आणि जोडाक्षरं जुळवायला वेगळं इंजिन लागतं आणि चित्र काढणाऱ्या प्रत्येक साधनात ते नसतं. आरमधे रॅग नावाचं पॅकेज टाका, ते अक्षरं नीट जुळवतं. जीजीसेव्हला डिव्हाइस म्हणून एजीजी पीएनजी द्या आणि फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी लावा. पीडीएफच हवी असेल तर साध्या पीडीएफऐवजी कैरो पीडीएफ. शोटेक्स्टने फॉन्ट सापडतो पण जोडाक्षरं तशीच तुटकी राहतात, त्यात वेळ घालवू नका, मी घालवलाय.

आकडे सोपे आहेत, त्यांना जुळवणी लागत नाही. चार्टीआर नावाचं फंक्शन आहे, इंग्रजी दहा अंकांची ओळ आणि मराठी दहा अंकांची ओळ द्यायची, ते एकेक अंक बदलून देतं. फक्त सगळ्यात शेवटी करा, लेबलच्या रकान्यावर, कारण एकदा मराठी झाला की तो मजकूर होतो, त्याची बेरीज होत नाही.

सी_विंग | रविवार, रात्री ९:४०

सभा झाली. सगळ्यांचे मनापासून आभार.

कागद वाटले. पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही, सगळे आपापल्या विंगच्या ओळीवर बोट ठेवून वाचत होते. एचवाल्या आजोबांनी ४१ बघितलं, मग खालच्या चित्रात २३६ बघितलं, आणि विचारलं डीमधे २९० कसं. डी विंगमधल्या वहिनी म्हणाल्या की पहाटे गच्चीच्या बाजूने पाणी पडल्याचा आवाज येतो, त्यांना वाटायचं कुणीतरी लवकर आंघोळ करतं. सभा संपल्यावर सेक्रेटरी आणि मी टॉर्च घेऊन वर गेलो. वरच्या टाकीच्या बॉलकॉकचा दांडा वाकलाय, टाकी भरली तरी पाणी बंद होत नाही, ओव्हरफ्लोचा पाइप मागच्या गटारात उतरलाय म्हणून खालून कधी कुणाला दिसलं नाही. उद्या प्लंबर येतोय.

एफ आणि जीच्या "नोंद नाही" वर एकानेही वाद घातला नाही, उलट वॉचमनला प्लॅस्टिकच्या कव्हरचं रजिस्टर द्यायचं ठरलं.

आता यंदाचे एप्रिलपासूनचे आकडे उतरवायला घेते. मागच्या वर्षीच्या चित्राशेजारी लावायचे आहेत, रंग जुळतील ना?

कळवा_खाडी | रविवार, रात्री १०:१५

वा ताई!! वाचून फार बरं वाटलं.

आपोआप नाही जुळणार. प्रत्येक चित्र आपल्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याला सगळ्यात गडद करतं. दोन्ही चित्रांना फिल स्केलमधे लिमिट्स एकच द्या, लिटरच्या चित्राला समजा ० ते ३००. फक्त एखादा सेल ३०० च्या वर गेला तर तो न सांगता करडा होतो, "नोंद नाही" सारखाच दिसेल. त्यासाठी ओओबीला (मर्यादेबाहेरच्या आकड्याचं काय करायचं ते ठरवणारं आर्ग्युमेंट) स्क्विश द्या, मग तो सगळ्यात गडद रंगावरच थांबेल आणि खरा आकडा सेलमधे लिहिलेला असेलच.